फोमची गादी जुनी झाली, आता टाकायची कुठं?

बिडकीनहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. विषय आहे जुनी फोमची गादी.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या गटातल्या एका ताईंनी घरातली फोमची गादी बाहेर काढली. पावसाळ्यात पत्रे गळून ती भिजली होती आणि उंदरांनी एक कोपरा कुरतडून टाकला होता. भंगारवाल्यानं तिला हात लावला नाही. घंटागाडीत ती मावेना. शेवटी ताईंनी गादी घरामागच्या मोकळ्या जागेत नेली आणि काडी लावली. रॉकेल टाकावं तशी ती पेटली. काळा, डोळ्यांना झोंबणारा धूर सरळ शेजारच्या घरात शिरला. तिथं दम्याच्या आजी खाटेवर होत्या. रात्री त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. आजी आता बऱ्या आहेत, पण त्या दोन घरांतलं बोलणं अजून पहिल्यासारखं झालेलं नाही.

गटाच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "माझं चुकलं, मान्य. पण मी करायला काय पाहिजे होतं, ते तरी सांगा." त्या दिवशी आमच्या एकीकडेही उत्तर नव्हतं. नंतर आम्ही वाचलं, गादीवाल्यांना विचारलं, भंगारवाल्यांशी बोललो. जे कळलं ते आज सांगतो.

आधी हा फोम काय असतो ते पाहू. आपण त्याला फोम म्हणतो, कुणी स्पंज म्हणतं. त्याचं खरं नाव पॉलियुरेथेन. चपलेच्या दुकानात 'पीयू सोल' म्हणतात, तो याच कुटुंबातला. सोफ्याची बैठक, मोटारसायकलची सीट, फ्रिजच्या दोन पत्र्यांमधला पिवळट कडक थर, आणि नव्या शेडला लावतात ती पफ पॅनल, सगळीकडे हाच माल. आपल्या पट्ट्याला तो नवा नाही. वाळूजला 1985 पासून बजाजच्या दुचाक्या तयार होतात आणि प्रत्येक दुचाकीच्या सीटमध्ये फोम असतो. चितेगावचा व्हिडिओकॉनचा कारखाना तर आपल्या पैठण रोडवरच. आमच्यातल्या कितीतरी जणींच्या घरातली माणसं अशा कारखान्यांत कामाला गेली आहेत.

फोम बनतो कसा? ढोकळ्याच्या पिठात इनो टाकलं की पीठ फसफसून फुगतं आणि वाफ दिली की तसंच जाळीदार घट्ट होतं. हेही तसंच. पॉलिऑल आणि आयसोसायनेट अशी दोन रसायनं एकत्र येतात, त्यात थोडं पाणी असतं, त्यातून वायू सुटतो आणि मिश्रण फुगून जागेवरच घट्ट होतं. 1937 साली जर्मनीतल्या लेव्हरकुसेन गावी ओटो बायर या रसायनशास्त्रज्ञानं ही रीत शोधली.

आता यातली मेख ऐका. शिजलेल्या ढोकळ्याचं परत पीठ होत नाही, तसा हा फोम परत वितळत नाही. बादली, कॅन, तेलाचा डबा हे प्लास्टिक तापवलं की पातळ होतं आणि त्याची नवी वस्तू ओतता येते. म्हणून भंगारवाला फुटकी बादलीसुद्धा घेतो. फोम तापवला तर तो करपतो आणि जळतो, त्याचा पुन्हा ओतता येईल असा रस होत नाही. प्लास्टिकच्या डांबरी रस्त्यातही तो चालत नाही, कारण तिथं पिशव्या वितळून खडीला चिकटाव्या लागतात. भंगारवाला गादीकडे पाठ फिरवतो त्यामागं हे कारण आहे. आम्ही उगाच त्याला नावं ठेवत होतो. (याच कुटुंबात वितळणारेही काही प्रकार आहेत, मोबाईलचं मऊ कव्हर पुष्कळदा त्यातलंच असतं. पण गादी-सोफ्याचा फोम वितळणारा नाही.)

आमच्या आयांच्या वेळी गादी कापसाची असायची. ती दबली की पिंजारी दारात यायचा, कापूस पिंजायचा आणि तीच गादी पुन्हा फुगायची. अगदीच जीर्ण झाली तर कापूस मातीत जाई, खोळ गोधडीत जाई. फोम आला, हलका, स्वस्त, उचलायला सोपा. तो आमच्या घरातही आहे, त्याला वाईट म्हणून चालणार नाही. पण दारात येऊन त्याला पिंजून देणारा कुणी नाही.

आता जाळण्याबद्दल. हा भाग नीट ऐका, बाकीचं विसरलात तरी चालेल. फोम जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साईड निघतो आणि हायड्रोजन सायनाईडही निघतो. सायनाईड म्हणजे नावानं आपल्याला माहीत असलेलं तेच विष, इथं वायूच्या रूपात. पहिला वायू रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही. दुसरा, शरीरात पोचलेला प्राणवायू पेशींना वापरू देत नाही. दोन्ही बाजूंनी गळा आवळल्यासारखं होतं. ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात 27 जानेवारी 2013 ला एका नाचगाण्याच्या क्लबात आग लागली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून छताला फोम लावलेला होता, त्यानं पेट घेतला. 242 माणसं गेली, बहुतेक कॉलेजच्या वयाची पोरं. भाजून गेलेल्यांपेक्षा धुरानं गेलेली कितीतरी जास्त. त्याआधी 1979 साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरला एका मोठ्या दुकानात फोमच्या फर्निचरला आग लागून दहा जण दगावले. त्यानंतर त्या देशानं 1988 मध्ये घरातल्या फोमच्या सामानासाठी कडक नियम केले.

तुम्ही म्हणाल, ते बंद खोलीत, आम्ही तर उघड्यावर जाळतो. उघड्यावर धूर पातळ होतो हे खरं. पण आजींच्या घराची खिडकी दहा पावलांवर होती. आणि आपण फक्त उघड्यावर जाळतो असंही नाही. पावसाळ्यात सरपण ओलं असतं, चूल धरत नाही, तेव्हा तुटक्या चपलेचा तुकडा नाहीतर फोमचा बोळा चुलीत कोण सारतं? आपणच. आमच्या बैठकीत हात वर करायला सांगितलं तर निम्म्याहून जास्त हात वर झाले, त्यात आमचाही होता. स्वयंपाकघरात, दार लोटलेलं, पाठीवर नाहीतर मांडीवर लेकरू, आणि चुलीत हे. म्हणून एवढं तरी आजपासून बंद करा. पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या यांची एक मोळी पावसाळ्याआधी कोरड्या कोपऱ्यात वेगळी बांधून ठेवा, फक्त चूल पेटवण्यापुरती. कुठं फोमला आग लागलीच तर वाऱ्याच्या उलट बाजूला व्हा. कुणाला चक्कर, डोकेदुखी, मळमळ किंवा धाप लागली तर लगेच मोकळ्या हवेत न्या, दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरांना आठवणीनं सांगा की फोम जळत होता.

कायद्याचंही ऐकून ठेवा. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर 2016 मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळणाऱ्याला 25,000 रुपये भरपाई भरायला लावण्याचा आदेश दिला आहे.

मग पुरायचा का? फोम मातीत कुजत नाही. उन्हानं पिवळा पडतो, त्याचा चुरा होतो आणि तो चुरा शेतात, ओढ्यात, जनावरांच्या तोंडात जातो. पाकिस्तानातल्या इस्लामाबादच्या कचराडेपोत शास्त्रज्ञांना एक बुरशी सापडली, ती काही प्रकारचं पॉलियुरेथेन खाते असं 2017 मध्ये जाहीर झालं. मोबाईलवर ही बातमी फिरते तेव्हा लोकांना वाटतं, झालं, सुटला प्रश्न. तो प्रयोगशाळेतला शोध आहे. आपल्या उकिरड्यावर गादी टाकून बुरशीची वाट बघू नका.

आणि दुसऱ्याच्या वेशीवर नेऊन टाकायचं म्हटलं, तर त्याचं काय होतं ते आपल्या जिल्ह्यानं पाहिलं आहे. शहराचा सगळा कचरा वर्षानुवर्षं नारेगावला पडत होता. फेब्रुवारी 2018 मध्ये तिथल्या आसपासच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तिथं कचरा टाकायला मनाई केली. गाड्या दुसरीकडं वळल्या तर मिटमिट्याला दगडफेक आणि जाळपोळ झाली. शहरात रस्तोरस्ती ढीग साठले होते, आपल्यातल्या ज्या त्या दिवसांत शहरात गेल्या असतील त्यांना तो वास आठवत असेल. त्यानंतर शहरात कचरा जागोजागी वेगळा करून प्रक्रिया करायला सुरुवात झाली. पैठण रोडवर कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा प्रकल्प आला. पण गादी ओल्या कचऱ्यात मोडत नाही, आणि सुक्या कचऱ्यातही तिला गिऱ्हाईक नाही.

तर करायचं काय? आधी ओळखायला शिका, कारण पांढरं मऊ दिसतं ते सगळं फोम नसतं. थर्माकोल मोडला की त्याचे मणी पडतात. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तो पांढरा पातळ गुळगुळीत पत्रा पिशवीच्याच प्लास्टिकचा असतो, तो पाणी पीत नाही, आणि वितळणारा असल्यानं कुठं कुठं भंगारात चालतो. गादीचा फोम दाबला की दबतो, सोडला की उठतो, आणि पाण्यात धरला की पाणी पितो. जाळून बघायची परीक्षा करू नका.

नंतर फोमचे दोन ढीग करा. कोरडा, स्वच्छ, अजून उसळी असलेला एक, आणि भिजलेला, कुजका वास येणारा, हातात चुरा होणारा दुसरा. पहिल्या ढिगाला किंमत आहे. गादी कारखान्यात अशा फोमचे बारीक तुकडे करतात, त्यावर चिकटवणारं रसायन फवारतात, साच्यात दाबून वाफ देतात, आणि त्याचा घट्ट, जड ठोकळा तयार होतो. बाजारात त्याला रिबॉन्डेड फोम म्हणतात. दुकानात कडक गाद्या बघाल तर आत रंगीबेरंगी ठिपक्यांचा फोम दिसतो, तो हाच. पिंजाऱ्याच्या कामाच्या सगळ्यात जवळची रीत हीच म्हणायची.

आम्हाला वाटलं, चला, गोळा करू आणि विकू. मग हिशोब मांडला. सहा फूट लांब, चार फूट रुंद, चार इंच जाड गादीत फोम साधारण सहा किलो भरतो. छोट्या टेम्पोत पाऊण टन वजन जातं, पण वरपर्यंत गाद्या भरल्या तरी फोम जेमतेम सव्वाशे-दीडशे किलो होतो. बाकी सगळी हवा! भाडं मात्र पूर्ण टेम्पोचं. दाबून, दोरीनं करकचून बांधला तर ढीग निम्म्याहून कमी होतो आणि तेव्हाच काहीतरी परवडतं. शहरातल्या एका गादीवाल्यांनी आम्हाला अट सांगितली: खोळ काढलेली, कोरडी, मातीचा कण नको. म्हणून भाव आणि अट आधी विचारा, मगच गोळा करा. आणि महिनोन् महिने साठवू तर नकाच. फोमचा ढीग म्हणजे आगीला आमंत्रण. चुलीजवळ, मीटरजवळ, माणसं झोपतात त्या खोलीत अजिबात नको.

म्हणून आम्ही मधला मार्ग धरला. चांगला फोम कात्रीनं सुपारीएवढा बारीक कापायचा आणि जुन्या साडीची दुहेरी खोळ शिवून लोड, तक्के, अंगणवाडीच्या बैठकीसाठी आसनं भरायची. पहिला घाणा फसला, हे प्रामाणिकपणे सांगतो. फोम वरून कोरडा वाटला, आतून दमट होता. आठ दिवसांत तक्क्यांना कुबट वास आला, सगळे उसवावे लागले. आता आम्ही तुकडे कापल्यावर दोन दिवस उन्हात पसरतो, नंतर सावलीत ठेवतो, कारण जास्त ऊन लागलं तर फोमच भुसभुशीत होतो. कापताना तोंडाला पदर नाही, मास्क लावतो, कारण बारीक भुगा नाकात जातो. तान्ह्या लेकरासाठी या फोमची उशी करत नाही. सोफा दुरुस्त करणारे आणि सीट कव्हरवाले यांच्याकडे कोऱ्या फोमच्या चिंध्या निघतात, त्या सगळ्यात उत्तम. त्यांना आम्ही पोतं देऊन ठेवलं आहे.

दुसऱ्या ढिगाचं काम अवघड आहे. एक उदाहरण देतो. लग्नकार्यासाठी जपून कपाटात ठेवलेली पीयू सोलची चप्पल दोन-तीन वर्षांनी काढली आणि चार पावलांत तळाचा चुरा झाला, हा अनुभव कितीजणींना आहे? दुकानदाराला शिव्या घालू नका. हवेतली ओल हळूहळू त्या तळाचे सांधे सोडवते. हेच सांधे मुद्दाम, जास्त उष्णता आणि ग्लायकॉल नावाचं रसायन वापरून सोडवले की फोममधून पॉलिऑल परत मिळतं, आणि त्यापासून नवा फोम करता येतो. फ्रान्समध्ये सेमॉय इथं 2021 साली असा कारखाना सुरू झाला, वर्षाला दोन लाख गाद्यांपर्यंतची त्याची क्षमता सांगितली आहे. त्याच वर्षी, फोमचा शोध लागला त्या लेव्हरकुसेनमध्येही गादीच्या फोमवर असा प्रायोगिक कारखाना उभा राहिला. हे घरच्या पातेल्यात करायचं काम नव्हे, पण गादी परत कच्चा माल होऊ शकते एवढं त्यावरून कळतं.

आपल्याकडे अशा न वितळणाऱ्या प्लास्टिकसाठी सिमेंटच्या भट्टीची वाट आहे. भट्टीत माल 1,450 अंशांपर्यंत तापतो, तिथं विषारी वायूसुद्धा मोडून जातात आणि राख सिमेंटमध्येच मिसळते. उकिरड्यावरच्या आगीत आणि या आगीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2016 मध्ये न वितळणाऱ्या प्लास्टिकसाठी तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. पण एकटी बाई गादी घेऊन चंद्रपूरला जाणार नाही. ते काम तालुक्याचं. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रासाठी 16 लाख रुपयांपर्यंतची तरतूद आहे. ग्रामसभेत विचारा: आपल्या तालुक्याचं केंद्र कुठं आहे, आणि फोम, चपला, रेक्झिन यांचा वेगळा ढीग तिथं घेतात का, घेतला तर पुढं कुठं पाठवतात.

पुण्याच्या बायांकडूनही एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथं कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 साली उभी राहिली आणि तिच्यातून पुढं 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. त्या ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी जुन्या गाद्या, फर्निचर, चपला असं अडगळीचं सामान गोळा करतात. दिवस ठरलेला असला की माणूस गादी जाळत नाही, त्या दिवसाची वाट बघतो.

दोन गोष्टी घाईनं सांगते, म्हणजे सांगतो. जुना फ्रिज भंगारात फोडू देऊ नका. त्याच्या फोममध्ये ओझोनचा थर खाणारा वायू असू शकतो, जितका फ्रिज जुना तितकी शक्यता जास्त, आणि पत्रा सोडवायला लोक फोमला आग लावतात. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत फ्रिज येतो, म्हणून तो नोंदणी असलेल्या केंद्राला किंवा नवा घेताना दुकानदाराला द्या.

दुसरी गोष्ट ड्रमची. रस्त्याच्या कडेला कंपन्यांचे रिकामे ड्रम स्वस्तात मिळतात आणि उन्हाळ्यात आपल्याला पाण्याची चिंता असते. त्यातले काही फोमच्या कच्च्या रसायनाचे, आयसोसायनेटचे असू शकतात. 1984 साली भोपाळला गळती झाली ते रसायन वेगळं, पण याच कुळातलं. तयार फोममध्ये त्याची भीती नाही, कच्च्या रसायनाची आहे. त्यानं दमा लागू शकतो. ड्रमच्या तळाशी ते उरलेलं असेल आणि आपण पाणी घालून झाकण घट्ट लावलं, तर वायू तयार होऊन ड्रम फुटूही शकतो. आत काय होतं हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडून ड्रम घेऊ नका. पाण्यालाही नको, धान्यालाही नको.

आमचं आजचं खातं असं आहे. डिसेंबरपासून अकरा गाद्या आल्या, त्यातल्या सात कामाच्या निघाल्या. त्यातून तक्के आणि आसनं झाली, त्यांचा हिशोब गटाच्या वहीत लिहिलेला आहे. उरलेल्या चार गाद्यांचा भिजका फोम दोरीनं बांधून, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून, घरांपासून लांब पत्र्याच्या शेडात ठेवलाय. तो तालुक्याच्या केंद्रानं घ्यावा म्हणून ग्रामसभेसाठी अर्ज लिहिलाय. त्यावर पहिली सही त्या ताईंची आहे, दुसरी शेजारच्या आजींच्या सुनेची. अर्जाची प्रत आमच्याकडे आहे. ज्या गटाला हवी असेल त्यांनी पुढच्या बैठकीला यावं आणि उतरवून घ्यावी. येताना एक धारदार कात्री आणा, आमच्याकडे दोनच आहेत.